वाचकांचे प्रश्न : स्नॅपआधीचे दहा-बारा सेकंद

अमेरिकन फुटबॉलच्या नियमांची तोंडओळख करून देणारा लेख गेल्या अंकात आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : चेंडू खेळात येण्यापूर्वी, म्हणजे ‘स्नॅप’आधी, क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) समोरच्या फळीत नेमके काय पाहतो, ठरलेली चाल ऐनवेळी का बदलतो, आणि त्याचा निर्णय योग्य होता की नाही हे कसे ठरवावे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : महोदय, मुलगा अमेरिकेत स्थायिक झाल्यापासून मीही हा खेळ पाहू लागलो आहे. रविवारी रात्रीचा तिकडचा सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी चालू होतो, तेव्हा चहाबरोबर निदान पहिला अर्धा भाग बघून होतो. समालोचक वारंवार सांगतात की क्वार्टरबॅकने बचाव फळी ‘वाचली’ आणि ऑडिबल दिला, म्हणजे ठरलेली चाल ऐनवेळी बदलली. फ्री किकच्या आधी आपला गोलरक्षक भिंत लावतो, तसेच हे असावे असे मी समजतो. हे बरोबर आहे का? समालोचकावर विसंबून न राहता माझ्यासारख्या प्रेक्षकाला स्वतः पारख करता येईल का?
— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, फोंडा

उत्तर : आपली तुलना अर्धी लागू पडते. गोलरक्षक भिंत लावतो तेव्हा चेंडू कोठे आहे आणि धोका कोणत्या बाजूने आहे हे मैदानातल्या सर्वांना दिसत असते. क्वार्टरबॅकच्या समोरची फळी मात्र त्याची दिशाभूल करण्यासाठीच तशी उभी केलेली असते. समोर दिसते त्यातले खरे किती आणि देखावा किती, हे ताडणे हाच त्याच्या कामाचा मोठा भाग आहे.

पारख करायला बसताना प्रथम घड्याळ पाहावे. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये आधीची चाल संपल्यापासून सर्वसाधारणपणे ४० सेकंदांच्या आत पुढचा स्नॅप व्हावा लागतो, नाहीतर ५ यार्डांचा दंड बसतो. चाल कळवणे, हडलमध्ये (खेळाडूंच्या घोळक्यात) ती सहकाऱ्यांना सांगणे आणि चेंडूच्या जागेवरून जाणाऱ्या रेषेवर येऊन उभे राहणे यांतच निम्म्याहून अधिक वेळ निघून जातो. संघ रेषेवर पोहोचला तेव्हा घड्याळात १२ सेकंद शिल्लक असतील तर क्वार्टरबॅकला पाहायला, बोलायला आणि बदललेली चाल सर्वांपर्यंत पोहोचली का हे तपासायला अवधी मिळतो. ५ सेकंदच उरले असतील तर त्याने काही बदलले नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. संघ वेळेवर रेषेवर आणणे हीसुद्धा त्याचीच जबाबदारी असल्यामुळे, वारंवार उशिरा पोहोचणाऱ्या क्वार्टरबॅकच्या नजरेची परीक्षा व्हायच्या आधीच एक गुण वजा करावा लागतो.

त्यानंतर येते ते साधे अंकगणित. आक्रमण संघाची एक नेहमीची मांडणी घेऊ : रेषेवरचे पाच अडवणारे, त्यांच्या टोकाला एक टाइट एंड, चेंडू घेऊन धावणारा एक रनिंग बॅक, पास झेलणारे तीन रिसीव्हर आणि स्वतः क्वार्टरबॅक. धावेच्या चालीत अडवायला सहा जण मिळतात. आता बचावाचे किती खेळाडू रेषेच्या जवळ, मधल्या पट्ट्यात गोळा झाले आहेत ते मोजावे. या पट्ट्याला ‘बॉक्स’ म्हणतात. बॉक्समध्ये सहा असतील तर प्रत्येकाला अडवायला एक माणूस आहे, आणि उरलेले पाच बचावपटू मागे व कडेला, बहुधा रिसीव्हरांवर नजर ठेवणारे तीन कॉर्नरबॅक आणि सर्वांत मागे राखण करणारे दोन सेफ्टी असे विखुरलेले आहेत. अशा वेळी धाव फायद्याची. सात असतील तर एक जण मोकळा राहून धावणाऱ्याला गाठणार, पण त्याच्या बदल्यात मागे एकच सेफ्टी उरला आहे. आठ असतील तर तीन रिसीव्हरांसमोर तीनच बचावपटू आहेत आणि त्यांच्या पाठीशी खोलवर कोणीही नाही. अशा फळीवर मधून धाव घेण्याचा हट्ट धरणाऱ्या क्वार्टरबॅकला विचारणा झालीच पाहिजे. ही मोजणी दूरचित्रवाणीवरही सहज जमते, आणि माझ्या मते नव्या प्रेक्षकाने पहिला पूर्ण मोसम एवढ्याच सवयीवर घालवला तरी चालेल.

सेफ्टी दोन आहेत की एक, यावरून पासविरुद्धच्या बचावाचा ढोबळ अंदाज येतो. मधोमध खोलवर एकटा सेफ्टी उभा असेल तर कव्हर १ किंवा कव्हर ३, आणि दोघे दोन बाजूंना विभागलेले असतील तर कव्हर २ किंवा कव्हर ४ यांची शक्यता अधिक. यांतला आकडा म्हणजे स्नॅपनंतर खोलवर राखण करणाऱ्यांची संख्या. बचाव माणसामागे माणूस (मॅन) असा आहे की प्रत्येकाने आपापला टापू (झोन) सांभाळायचा आहे, हे कळण्यासाठी क्वार्टरबॅक एखाद्या खेळाडूला स्नॅपपूर्वी रेषेला समांतर चालवतो. त्याच्या मागोमाग एक बचावपटू सबंध मैदान ओलांडत गेला तर बहुतेक वेळा मॅन, आणि बचावपटूंनी एकमेकांना खुणावून जागच्या जागी थोडेसे सरकून घेतले तर बहुतेक वेळा झोन. ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत, कारण ही परीक्षा होणार हे बचावालाही ठाऊक असते आणि तो खोटे उत्तर देऊ शकतो.

आता ज्या गोष्टीवर प्रेक्षक सर्वाधिक अन्याय करतात तिच्याकडे वळू. क्वार्टरबॅक किंवा सेंटर (त्याला चेंडू देणारा खेळाडू) एका लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या ओळीतल्या खेळाडूकडे) बोट दाखवून ‘५४ माईक’ असे काहीतरी ओरडतो, तेव्हा ती चाल बदललेली नसते. कोणाला कोणी अडवायचे याची मोजणी कोठून सुरू करायची, एवढेच ते सांगणे असते. समजा, अडवायला पाच जण आहेत आणि बचावाने सहा जण चढाईला पाठवले. पाच जणांनी आपापला माणूस अचूक अडवला तरी सहावा मोकळा येणारच. तो सहावा माणूस क्वार्टरबॅकच्या वाट्याचा. त्याने एकतर स्नॅपपूर्वी तो ओळखून रनिंग बॅकला अडवण्यासाठी थांबवायचे, किंवा अडवणाऱ्यांची मोजणी त्या बाजूला सरकवायची, किंवा तो माणूस जी जागा सोडून आला तेथे क्षणात पास टाकायचा. या शेवटच्या पर्यायालाच हॉट रूट म्हणतात. यांपैकी काहीच न करता तो चेंडू धरून उभा राहिला आणि आडवा झाला, तर घराघरांतून शिव्या मात्र पुढच्या पाच धिप्पाड माणसांना पडतात. पुन्हा अशी पाडापाडी दिसली की चढाई करणारे किती होते आणि अडवणारे किती होते हे मोजून पाहावे. दोष कोणाकडे जातो हे पुष्कळदा तेवढ्यावरून कळते.

स्नॅपपूर्वीचे वाचन हा अंदाज असतो आणि स्नॅपनंतरच्या पहिल्या एक-दोन पावलांत त्याची खातरजमा व्हावी लागते. हल्लीचे बचाव दोन सेफ्टी मागे दाखवतात आणि चेंडू हलताच त्यांतला एक खाली उतरतो, किंवा पाच-सहा जण रेषेवर आणून प्रत्यक्षात चारच पाठवतात व ज्याच्याकडून अपेक्षा नसते असा पाचवा मागे पासच्या वाटेत जाऊन उभा राहतो. अशा वेळी क्वार्टरबॅकने अर्धा सेकंद अधिक थांबून दुसरा पर्याय शोधला, तर त्याला ‘गोंधळला’ म्हणू नये. आधीचा अंदाज खोटा ठरला हे त्याला वेळेत कळले, ही उलट जमेची बाजू आहे. खरी घोडचूक तेव्हा होते जेव्हा तो स्नॅपपूर्वी जे मनाशी ठरवले त्यालाच चिकटून राहतो आणि खाली उतरलेल्या सेफ्टीच्या हातात चेंडू देतो.

एक अडचण मात्र मान्य करावी लागते. थेट प्रक्षेपणातला कॅमेरा जवळचा असल्याने सेफ्टी पुष्कळदा चौकटीबाहेर असतात, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा पुरावाच प्रेक्षकाला दिसत नाही. बावीसही खेळाडू एका चौकटीत दाखवणारे चित्रण, ज्याला ऑल-२२ म्हणतात, ते एनएफएलने २०१२ पासून वर्गणी भरणाऱ्या सामान्य प्रेक्षकांनाही खुले केले. चिरंजीवांकडून ते मिळवता आले तर स्नॅपच्या क्षणी चित्र थांबवावे, आपला अंदाज कागदावर लिहावा आणि मगच पुढे चालवावे. शिक्षकी पेशातल्या माणसाला ही पद्धत वेगळी सांगायला नको.

प्रश्न : ऑडिबलनंतर टचडाऊन झाला तर निर्णय उत्तम आणि चेंडू गमावला तर निर्णय वाईट, असे माझे थोरले बंधू मानतात. मला हे पटत नाही, पण मुद्देसूद खोडताही येत नाही. शिवाय क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग यांच्या ‘ओमाहा’ या हाकेचा एवढा बोलबाला झाला, त्यात खरेच एवढी हुशारी होती का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बंधूंना एक उदाहरण ऐकवावे. पहिला डाऊन (चार प्रयत्नांपैकी पहिला) आणि १० यार्ड बाकी असताना बॉक्समध्ये आठ जण पाहून क्वार्टरबॅकने धाव रद्द केली आणि कडेला एकट्या पडलेल्या बचावपटूसमोरच्या रिसीव्हरकडे पास फेकला. पास नेमका पडला, पण रिसीव्हरच्या हातातून निसटला. या चालीच्या नोंदीत शून्य यार्ड दिसतील. निर्णयाला मात्र पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील, फेकीलाही द्यावे लागतील, आणि वजाबाकी रिसीव्हरच्या खात्यात करावी लागेल. उलट, आठ जणांच्या गर्दीत घुसवलेली धाव एखाद्या बचावपटूचा पाय घसरल्यामुळे ३० यार्ड गेली, तर संघाने आनंद जरूर साजरा करावा, पण क्वार्टरबॅकच्या पुस्तकात त्याबद्दल काही जमा करू नये. काय दिसले, त्यावरून काय ठरवले, आणि ठरवलेले हातून कसे घडले, या तीन नोंदी वेगळ्या ठेवल्या की बंधूंचा युक्तिवाद आपोआप लंगडा पडतो.

मॅनिंग यांच्याविषयी बोलायचे तर १२ जानेवारी २०१४ रोजी डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध खेळताना ते ४४ वेळा ‘ओमाहा’ ओरडले, असे मोजणाऱ्यांनी मोजले. अर्थ विचारला तेव्हा त्यांनी गमतीने सांगितले होते की ती कधी धावेची चाल असते, कधी पासची, आणि ते वारा, दिशा व अंगातल्या जर्सीवर अवलंबून असते. त्या सामन्यात चार्जर्सचे खेळाडू आवाजाला फसून वेळेआधी रेषेत घुसले आणि त्यांनी ५ वेळा दंड ओढवून घेतला. म्हणजे त्या ओरडण्याने एकही चाल बदलली नसती तरी ते कामी आले असते. पडद्यासमोर बसून प्रत्येक ओरड्याला ऑडिबल समजणे चूक आहे. कित्येक हाका पोकळ असतात आणि बचावाला उगाच विचार करायला लावण्यासाठीच दिल्या जातात. हडलमध्ये दोन चाली सांगून ठेवायच्या आणि फळी पाहून ‘किल’ म्हटले की पहिली सोडून दुसरी घ्यायची, अशीही पद्धत आहे. तेथे श्रेय निम्मे तरी आठवडाभर तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांचे असते.

याच मॅनिंगनी त्या मोसमात ५५ टचडाऊन पास आणि ५,४७७ यार्डांचा विक्रम केला होता. तरीही २ फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये (मोसमाच्या अंतिम सामन्यात) पहिल्याच चालीला ते काही बदल सांगण्यासाठी सेंटरच्या दिशेने पुढे येत असताना, प्रेक्षकांच्या गोंगाटात स्नॅप झाला आणि चेंडू त्यांच्या बाजूने मागे स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, गेला. १२ व्या सेकंदाला सिॲटल सीहॉक्सला २ गुण मिळाले आणि सामना ४३–८ असा गेला. त्या बदलामागचे वाचन कदाचित अचूकही असेल. ऑडिबल ही मात्र अकरा जणांनी एकाच क्षणी अमलात आणायची गोष्ट आहे, आणि त्यांतल्या एकापर्यंत जरी ती पोहोचली नाही तरी न बदललेली मध्यम चाल बरी. म्हणून मोठ्या गोंगाटात चाली कमी बदलणारा क्वार्टरबॅक मला भित्रा वाटत नाही.

बंधू बहुधा १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलचाही दाखला देतील. सीहॉक्स २४–२८ असे मागे, चेंडू १ यार्डावर, दुसरा डाऊन, आणि रसेल विल्सनचा पास न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने टिपला. यावर दोन गोष्टी सांगाव्यात. पासची चाल बाजूच्या रेषेवरून, प्रशिक्षकांकडून आली होती, विल्सनने ती मैदानात स्वतः काढलेली नव्हती. आणि एका चालीवरून कोणाच्याही निर्णयशक्तीचा निवाडा करता येत नाही. पारख करायची तर एकाच प्रकारच्या परिस्थिती शोधाव्यात, उदाहरणार्थ तिसरा डाऊन, ५ ते ८ यार्ड बाकी आणि समोर ब्लिट्झची (जादा खेळाडूंच्या चढाईची) चिन्हे, आणि अशा अनेक चालींत त्याने काय केले ते पाहावे. यश मोजण्याची एक रूढ पट्टी अशी : पहिल्या डाऊनला हव्या असलेल्या यार्डांपैकी ४० टक्के, दुसऱ्याला ६० टक्के आणि तिसऱ्या-चौथ्याला सर्व यार्ड मिळाले तर चाल यशस्वी. या पट्टीने पहिल्या डाऊनवरची ४ यार्डांची रटाळ धावसुद्धा यशस्वी ठरते. क्वार्टरबॅकने समोर पाहून काहीही न बदलता ती धाव तशीच जाऊ दिली असेल, तर तोही त्याचा निर्णयच होता आणि त्याची नोंद करायला कोणी विसरू नये.

प्रश्न : शिरस्त्राणात रेडिओ असतो म्हणे. मग प्रशिक्षकच सर्व सांगत असताना क्वार्टरबॅकच्या बुद्धीची परीक्षा कसली?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, वास्को

उत्तर : क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी हा प्रयोग १९५६ मध्येच केला होता आणि तो लगेच बंदही पाडला गेला. एनएफएलने १९९४ पासून त्याला रीतसर परवानगी दिली. बचाव संघातल्या एका खेळाडूला ही सोय २००८ मध्ये मिळाली, आणि महाविद्यालयीन फुटबॉलच्या वरच्या गटात ती २०२४ मध्ये आली. आपल्या शंकेचे उत्तर नियमातच आहे : घड्याळात १५ सेकंद उरले की हा आवाज तुटतो. बचाव फळी आपली खरी मांडणी शक्य तितकी उशिरा उघड करते, साहजिकच ती त्या १५ सेकंदांतच. त्या वेळी क्वार्टरबॅकच्या कानात कोणीही नसते.

प्रश्न : २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची फीत ओढण्याचा प्रकार) येणार म्हणून आम्ही शाळेत मुलींचा संघ बांधला आहे. क्वार्टरबॅक म्हणून तिघी इच्छुक आहेत. जिचा हात लांब तिला घ्यावे असे सहकारी म्हणतात. समोरची फळी वाचण्याची क्षमता शालेय पातळीवर तपासता येते का? ऑडिबल शिकवावा का?
— एक शिक्षिका, डिचोली

उत्तर : या खेळाचा समावेश ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनातच मंजूर झाला, हे मुलींना आवर्जून सांगावे. प्रत्येक बाजूला ५ जणी आणि एंड झोन सोडून ५० यार्ड लांब व २५ यार्ड रुंद मैदान, एवढ्या आटोपशीर खेळात लांब हाताला फारसा भाव नाही. चेंडू वेळेवर सोडणाऱ्या मुलीला आहे. चढाई करणारीला किमान ७ यार्ड मागून सुटावे लागते आणि तिला अडवायची परवानगी कोणालाच नसते. वर फोंड्याच्या वाचकांना सांगितलेला ‘सहावा माणूस’ येथे प्रत्येक चालीत असतो, आणि तो कायम क्वार्टरबॅकच्याच वाट्याचा असतो.

तपासणी दोन टप्प्यांत करावी. पावसाळ्यात मैदानावर चिखल असतो तेव्हा वर्गातच फळ्यावर पाच बचावपटूंच्या मांडण्या काढाव्यात, प्रत्येक मांडणी चार-पाच सेकंद दाखवून पुसावी आणि तिघींना वेगवेगळे विचारावे : चढाई कोण करणार, खोलवर एक जण आहे की दोन, कोणती बाजू मोकळी आहे. उत्तर बरोबर आले की चूक एवढेच पाहू नये, ‘का?’ असेही विचारावे, कारण अंदाजपंचे बरोबर आलेले उत्तर सामन्यात टिकत नाही. मग मैदानात बचाव करणाऱ्या मुलींना दर काही चालींमागे खोटी मांडणी करायला सांगावे. जी मुलगी एकदा फसल्यावर तीच मांडणी पुन्हा दिसताच जरा थांबून खात्री करते, तिला मी इतर दोघींपेक्षा वर ठेवीन, मग तिची फेक दहा यार्ड कमी का पडेना.

ऑडिबल शिकवावा, पण सुरुवातीला एका वेळी दोनच चाली द्याव्यात : एक ठरलेली आणि एक पर्यायी. मोशनमधल्या (स्नॅपपूर्वी रेषेला समांतर जाणाऱ्या) मुलीमागे बचावपटू धावली तर पर्यायी, नाहीतर ठरलेली, एवढा एकच निकष पहिल्या महिन्यात पुरे. शब्द ओळखीचे आणि दोन-तीन अक्षरी घ्यावेत, म्हणजे ते धावपळीतही कानावर नीट पडतात. ‘साखळी’ म्हटले की बदल आणि ‘पर्वरी’ म्हटले की काही नाही, असे चालेल. शेजारच्या शाळेविरुद्ध दुसऱ्यांदा खेळताना मात्र शब्दांची अदलाबदल करावी, कारण गावांची नावे त्यांनाही येतात.

सामन्याच्या वेळी एका राखीव खेळाडूकडे वही द्यावी आणि प्रत्येक चालीपुढे तिने तीन रकाने भरावेत : क्वार्टरबॅकने मांडणी ओळखली का, तिने निवडलेली चाल त्या मांडणीला साजेशी होती का, आणि चेंडू पोहोचला का. पहिला रकाना भरण्यासाठी चाल संपल्यावर क्वार्टरबॅकलाच विचारावे लागेल, आणि तेही निकालाची चर्चा सुरू होण्याआधी, नाहीतर जे घडले त्यावरून ती ‘मला तेच दिसले होते’ असे सांगू लागेल. तीन-चार सामन्यांच्या वह्या जमल्या की तिघींपैकी कोणाला घ्यायचे याचे उत्तर सहकाऱ्यांसमोर ठेवता येईल. जिची निवड होणार नाही तिला बचावात खोलवर उभे करून पाहावे. फळी वाचायला शिकलेली मुलगी तेथेही उपयोगी पडते.